पेल्टोला एअरवेजचा वजनकाटा

१५ सप्टेंबर १९८०
वारा पश्चिमेचा, हलका. आकाश स्वच्छ. मी १८५ पौंड.

पायलट लोक रोज वारा आणि ढग लिहून ठेवतात. मी कंपनीचा अध्यक्ष आहे, म्हणून स्वतःलाही लिहिणार. सैन्यातून सुटलो तेव्हापासून माझा आकडा बदललेला नाही.

आज सकाळी आठ वाजता आमच्या ऑटर हार्बरहून ग्रीन बे शहराला पेल्टोला एअरवेजचं पहिलं विमान गेलं. जुलैत मोठ्या कंपनीने आमचं गाव सोडलं तेव्हा पत्रात लिहिलं होतं की या गावाला विमानाची सवय लागलेली नाही. ते वाचून मला इतका राग आला की मी गॅस सिलेंडरची एजन्सी मेहुण्याला विकली आणि नऊ सीटचं, दोन इंजिनांचं विमान घेतलं. साइमी एवढंच म्हणाली, "राग आला की बाकीचे नवरे लाकडं फोडतात."

साइमी माझी बायको. तिकीटखिडकीवर तीच बसते. विमान ऑन्नी कोस्की उडवतो. तीस वर्षं तो गावालगतच्या सरोवरावरून ये-जा करतोय आणि तीस वर्षांत तो एकूण तीस वाक्यं बोलला असेल.

परवाना तात्पुरता आहे. १५ डिसेंबरला विमानखात्याचा निरीक्षक येऊन सगळं तपासणार. पास झालो तर परवाना कायमचा. नापास झालो तर विमान परत आणि मी मेहुण्याकडे सिलेंडर उचलायला. तो आत्ताच विचारतोय, माझं जुनं एप्रन ठेवू की टाकू.

२४ सप्टेंबर
उड्डाणाआधी विमानात किती वजन आहे ते कागदावर लिहावं लागतं. माणसं आणि सामान मिळून सोळाशे पौंड, त्याच्या वर नाही. म्हणून साइमी खिडकीवर प्रत्येकाला वजन विचारते.

आज चर्चच्या भजनमंडळाच्या लेम्पी रौतिओबाई आल्या. सोबत पुल्ला, त्यांचा लांबुळका कुत्रा.

"वजन?"

"एकशे तीस," रौतिओबाई म्हणाल्या.

साइमीने पेन थांबवलं. "लेम्पी, हे आत्ताचं का?"

"तू वजन विचारलंस, तारीख नाही."

साइमीने एकशे तीस लिहिलं. अशा तत्पर सेवेमुळेच प्रवासी टिकतात.

२९ सप्टेंबर
आज थोडी गडबड झाली. धावपट्टीच्या टोकाला स्प्रूसची झाडं आहेत. विमान त्यांच्या शेंड्यांवरून जायला हवं. आज ते शेंड्यांमधून गेलं. ग्रीन बेला उतरल्यावर चाकात एक फांदी निघाली. परत आल्यावर ऑन्नीने ती माझ्या टेबलावर ठेवली.

"कागदावर पंधराशे वीस पौंड होते," तो म्हणाला. "झाडाचं मत वेगळं आहे."

"म्हणजे लोक खोटं सांगतात?"

"लोक वजन सांगतात."

एका दिवसात त्याची तीन वाक्यं झाली, यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते कळावं. वर म्हणाला, खरी वजनं मिळेपर्यंत मी उडवणार नाही. त्याचं बरोबर आहे. मी झोपताना ती फांदी डोळ्यासमोरून हलवू शकलो नाही. आत नऊ माणसं होती. त्यातल्या सहांना मी बाळपणापासून ओळखतो.

३० सप्टेंबर
उपाय सापडला! मेहुण्याच्या आवारातून सिलेंडर तोलायचा माझा जुना काटा उचलून आणला. जमिनीवर लोखंडी पाट, वर गाडीच्या चाकाएवढी तबकडी, लाल आकडे. प्रतीक्षागृहाच्या मधोमध ठेवला, म्हणजे सगळ्यांना दिसेल. पारदर्शक कारभार.

आधी स्वतः चढलो. काटा २३१ वर!

क्षणभर दचकलो, मग हसू आलं. सिलेंडर तोलताना नुसता गॅस किती ते बघायचं असतं, म्हणून रिकाम्या सिलेंडरचं वजन आधीच वजा करायला मागे एक स्क्रू असतो. वीस वर्षं मीच तो पिळलाय. मेहुण्याने त्याला हात लावून ठेवला असणार. माझं वजन मला पक्कं माहीत, तेव्हा दुसरं वजन शोधायची गरजच नव्हती. पाटावर उभा राहून, मागे हात घालून, स्क्रू पिळत पिळत काटा बरोबर १८५ वर आणला. उतरलो. काटा शून्याच्या खिळ्याला टेकून शांत बसला.

साइमी बघत होती. "झालं?" तिने विचारलं.

"झालं. आता हा काटा खोटं बोलणार नाही."

"नाही, तो बिचारा कशाला बोलेल," ती म्हणाली आणि कॉफी ओतायला गेली.

२ ऑक्टोबर
काट्याचा पहिला दिवस. प्रतीक्षागृहात चर्चच्या तळघरासारखी शांतता. रौतिओबाई कोट घट्ट धरून दाराजवळ उभ्या. "मी बसने जाते," म्हणाल्या. त्यांना मी समजावलं की ही विज्ञानाची बाब आहे. शेवटी डोळे मिटून चढल्या.

"एकशे बत्तीस," मी मोठ्याने वाचलं.

त्यांनी एक डोळा उघडला. "कोट धरून?"

"कोट, बूट, पर्स, सगळं धरून."

त्या उतरल्या आणि परत चढल्या. पुन्हा एकशे बत्तीस. मग भजनमंडळात उंच सुरासाठी लावतात तो आवाज लावून म्हणाल्या, "साइमी, परतीचंही तिकीट दे. आणि पुढच्या गुरुवारचं पण."

१० ऑक्टोबर
प्रवासी वाढतायत! गावात विमानाची सवय नाही म्हणे. आज आठ जण, काल नऊ. भजनमंडळ अख्खं येऊन गेलं. ग्रीन बेला काय काम, असं मी विचारलं तर एकीने सांगितलं, "काम काही नाही, पण तुमच्याकडे फार बरं वाटतं." मी वेलदोड्याचा पाव आणि कॉफी फुकट ठेवायला लागलो त्याचा हा परिणाम. चढण्याआधी मात्र कुणी पावाला हात लावत नाही. उतरल्यावर तीन-तीन खातात.

सामानाच्या बाबतीतही गाव शिस्तीला लागलं. पूर्वी लोक दगड भरल्यासारख्या बॅगा आणायचे. आज सात बॅगा काट्यावर ठेवल्या, एकीनेही काटा हलवला नाही. ऑन्नीने त्यातली एक दोन्ही हातांनी उचलली, खाली ठेवली, काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

११ ऑक्टोबर
शनिवार, म्हणून सौना, गावाचं सामाईक वाफेचं स्नान. चार ते सहा बायका, सहानंतर पुरुष. वरच्या बाकावर बसून तापल्या दगडांवर पाणी टाकलं की आठवड्याचा शीण जातो. ऑन्नी कोपऱ्यात बसतो आणि प्रत्येक आत येणाऱ्याकडे बैल विकत घ्यायला आल्यासारखा बघतो. आज मी विचारलं, "काय बघतोस रे?"

"उद्याचं विमान," तो म्हणाला.

वाफ डोक्यात गेली असावी. बाहेर आल्यावर टॉवेल गुंडाळून, खुंटीवरच्या कोटाच्या खिशातून काढलेल्या छोट्या वहीत काहीतरी खरडत होता. नंतर ती वही साइमीला दाखवताना दिसला. साइमीने पेन्सिल घेऊन त्यात चार-पाच ओळी भरल्या. तिला म्हटलं, काय चाललंय? म्हणाली, "पाककृती."

२२ ऑक्टोबर
ऑन्नीवर नाराज आहे. प्रतीक्षागृहात नऊ जण हजर, कागदावर वजन तेराशे पौंड, म्हणजे तीनशे पौंडांची मोकळीक. आणि हा म्हणतो, चार नंबरच्या सीटचा पट्टा तुटलाय आणि सात नंबरचाही. दोघांना दुपारच्या फेरीला थांबावं लागलं. गेल्या आठवड्यात पाच नंबरचा तुटला होता. बॅगा तर तो आता ट्रकने पाठवतो, कारण सामानाच्या कप्प्याची कडी म्हणे अडकते.

"दुरुस्त का करत नाहीस?" मी विचारलं.

"करतो. मग दुसरा तुटतो."

पायलट चांगला आहे, पण मेकॅनिक म्हणून शून्य. अर्थात, स्प्रूसवरून विमान हल्ली सुरेख जातं. वीस फूट वर. म्हणजे काट्याचा उपयोग झाला.

२९ ऑक्टोबर
धोब्याने माझ्या दोन्ही पँटी आटवल्या. साइमीला सांगितलं, धोबी बदल. ती म्हणाली, "कपडे मीच धुते, आर्मास."

आज पुल्लाला तोललं. काटा हललाच नाही. कुत्रे दिसतात तेवढे जड नसतात.

२९ नोव्हेंबर
हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू. गावातले सगळे पुरुष जंगलात. शिकारीच्या खोपटातून येताना लोक थेट काट्यावर येतात. पंधरा दिवस लोणी, मटण आणि बिअर खाऊन-पिऊन कोणाचंही वजन वाढलेलं नाही. आमच्या हवेतच काहीतरी आहे.

१ डिसेंबर
आज काट्यावर मी १९०. थंडीने स्प्रिंग आखडते हे गॅसच्या धंद्यातल्या कोणालाही माहीत आहे. स्क्रू अर्धा फेरा अजून पिळला. १८५.

ऑन्नीला सांगितलं की काटा आता हिवाळ्यासाठी तयार आहे. त्याने वही काढली, काही खोडलं, काही लिहिलं.

९ डिसेंबर
निरीक्षकाचं पत्र आलं. नाव क्लिफर्ड प्रेविट. सोमवारी सकाळी येतील, कागद तपासतील, मग प्रवाशांसह एक उड्डाण. मी अध्यक्ष म्हणून सोबत जाणार.

ऑन्नीने आज आपणहून वाक्य सुरू केलं. "आर्मास, काट्याबद्दल बोलायचंय."

"उत्तम काटा आहे," मी म्हणालो.

तो साइमीकडे बघत राहिला. साइमी म्हणाली, "राहू दे, ऑन्नी. त्याला ते दुसऱ्या कोणीतरी सांगायला हवं. माझं तो बावीस वर्षं ऐकत नाहीये."

कशाबद्दल ते विचारायचं राहून गेलं.

१५ डिसेंबर
वारा उत्तरेचा, बोचरा. बर्फ भुरभुरतंय. मी

सकाळी आकडा लिहायचा राहिला. शेवटी लिहीन. आज जे झालं ते क्रमाने लिहितो, नाहीतर उद्या मी ते माझ्या सोयीने आठवेन.

प्रेविटसाहेब बारीक मिशीचे, नेटका कोट, बोलणं मोजून. कागद तपासले, विमान तपासलं. प्रतीक्षागृहात प्रवासी बसले होते, पुढच्या बाकावर रौतिओबाई, मांडीवर पुल्ला. ऑन्नीने यादी दिली. माझ्यासकट सात जण. दोन सीट रिकाम्या.

"का?" साहेबांनी विचारलं.

"पट्टे तुटलेत," मी पटकन म्हणालो.

साहेब बाहेर गेले. एकेक पट्टा ओढून पाहिला. परत आले. "नऊच्या नऊ पट्टे धडधाकट आहेत."

मी ऑन्नीकडे पाहिलं. ऑन्नीने छताकडे पाहिलं.

मग साहेबांनी दाराशी ठेवलेल्या आपल्या सामानातून एक पेटी आणली. आत पितळेचं वजन होतं, सरकारी शिक्क्याचं, पन्नास पौंडाचं. दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ते काट्यावर ठेवलं.

काटा हलला नाही.

साहेबांनी तबकडीवर टिचकी मारली. काटा शून्याच्या खिळ्याला टेकूनच. प्रतीक्षागृहातले सगळे काट्याकडे बघत होते. पुल्लाने मात्र माझ्याकडे पाहिलं. त्या कुत्र्याला ऑक्टोबरपासून माहीत होतं.

"श्री. पेल्टोला," साहेब म्हणाले, "या काट्यावर तोलून तुम्ही अडीच महिने माणसं उडवलीत? मला आत्ताच्या आत्ता परवाना थांबवावा लागेल. हा स्क्रू कोणी पिळला?"

थंडी, स्प्रिंग, मेहुणा. तिन्ही उत्तरं माझ्या तोंडात तयार होती. मेहुणा तर अगदी जिभेवर होता. पण टेबलावर, पेन ठेवायच्या डब्यात, ती स्प्रूसची फांदी अजून उभी होती. आणि बाकावर तीच माणसं बसली होती.

"मी पिळला," मी म्हणालो.

"कशावरून?"

"माझ्यावरून."

साहेबांना कळेना. साइमीने खिडकीतून समजावलं. "काट्यावर हे जास्त दिसले, साहेब. तेव्हा यांनी काटा बदलला."

मागच्या बाकावर कोणीतरी हसू दाबलं, पण पहिल्या बाकावर रौतिओबाई हसत नव्हत्या. त्या मनातल्या मनात बेरीज करत होत्या. बेरीज अख्ख्या बाकावर पसरत गेलेली मला दिसली.

तेवढ्यात ऑन्नी पुढे आला आणि त्याने खिशातली वही साहेबांच्या हातात ठेवली. "हे खरं वजन. रोजचं, प्रत्येकाचं. वही सुरू केल्यापासून सोळाशेच्या वर एकदाही गेलो नाही. पट्टे त्याचसाठी तुटायचे."

साहेबांनी पानं उलटली. "ही वजनं घेतली कुठे?"

"सौनात."

"तिथे काटा आहे?"

"नाही. डोळे आहेत. आणि बायकांच्या वेळेला साइमी."

रौतिओबाई ताडकन उठल्या. "साइमी! तू वाफेत बसून मला तोलत होतीस?"

"तुला झाडावर आपटण्यापेक्षा बरं," साइमी म्हणाली.

साहेबांनी वही मिटली. अंदाजावर परवाना देता येत नाही, म्हणाले. पण मग काट्यापाशी वाकून त्यांनी स्वतः स्क्रू फिरवला, फिरवत राहिले, फिरवतच राहिले, आणि पितळी वजन बरोबर पन्नासावर आणलं. "यादीतले सातही जण इथे आहेत. सगळे चढा. वहीशी जुळलं तर बोलू. एकही जण नाही म्हणाला, तर माझं काम संपलं."

कोणी उठलं नाही. बाहेर बर्फ पडत होतं. एका बाईने कोटाचं वरचं बटणही लावलं. मी बाकाकडे बघितलं आणि मला समजलं की भजनमंडळ वेलदोड्याच्या पावासाठी येत नव्हतं.

मी बूट न काढताच चढलो. काढले असते तर बरं दिसलं असतं, पण मोज्याला भोक होतं. तबकडीकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. मग बघितलंच, आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचलं.

"दोनशे छत्तीस."

साहेबांनी वहीत पाहिलं. "इथे दोनशे पस्तीस आहे."

"बूट," ऑन्नी म्हणाला.

मी उतरलो नाही. रौतिओबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. "उतर, आर्मास. तुझ्यानंतर आता कोणालाच लाजायचं कारण उरलं नाही." पुल्लाला साइमीच्या हातात देऊन त्या चढल्या, या वेळी डोळे उघडे ठेवून. एकशे एकोणऐंशी. वहीत एकशे ऐंशी. "एक पौंड जास्त लिहिलास," त्या साइमीला म्हणाल्या, "हे मी विसरणार नाही." मग माझ्याकडे वळून हळूच, "अडीच महिने फार सुखात ठेवलंस हो मला."

बाकीचे पाच जण एकामागोमाग आले. कुठेही तीन पौंडांपेक्षा जास्त फरक नाही. साहेबांनी प्रत्येक आकड्याखाली रेघ मारली, मग चष्मा काढून ऑन्नीकडे बराच वेळ पाहिलं. त्यांच्या वीस वर्षांच्या नोकरीत, म्हणाले, असं काही झालेलं नाही आणि अहवालात हे कसं लिहायचं हा त्यांचा प्रश्न आहे.

विमान उडालं. शेंड्यांवरून वीस फूट. मी पहिल्यांदाच मोजलं.

परवाना मिळाला. अट एकच. काट्याचा स्क्रू सरकारी लाखेने बंद, आणि अध्यक्षांनी काट्याला हात लावायचा नाही.

मी २३६ पौंड.

१६ डिसेंबर
बर्फामुळे साहेब काल मुक्कामी राहिले. गावाने त्यांना संध्याकाळी सौनात नेलं, खास त्यांच्यासाठी सोमवारी तापवून. ऑन्नी कोपऱ्यात बसला होता.

आज सकाळी प्रतीक्षागृहात गेलो तर साइमीने तबकडीवर भांडी पुसायचा टॉवेल टांगलेला. आता प्रत्येकाने कोट, बॅग, कुत्रा, सगळं हातात घेऊन चढायचं. टॉवेल उचलून फक्त साइमी बघणार आणि कागदावर लिहिणार, तोंडाने नाही. घरी गेल्यावर ज्याला जे वाटेल ते बॅगेच्या नावावर टाकायला मोकळं. रौतिओबाई गावातली सर्वांत मोठी बॅग घेऊन आल्या. आत काय आहे विचारलं तर म्हणाल्या, "तुला काय करायचंय?" उचलून पाहिली. रिकामी होती.

मी सोडून सगळ्यांना हे आधीच सुचलेलं दिसतं.

साहेब परतीच्या विमानासाठी खिडकीवर आले. काट्यावर रांग होती, आणि ते घाईत होते.

"वजन, साहेब?" साइमीने सवयीने विचारलं.

"एकशे सत्तर," साहेब म्हणाले.

मागे भिंतीला टेकून ऑन्नी कॉफी पीत होता. त्याने मान वर केली नाही. खिशातून वही काढली, पेन्सिलीला जीभ लावली आणि एक आकडा लिहिला. साहेबांनी वळून पाहिलं. कान लाल झाले. मग त्यांनी कोट घातला, पितळी वजनाची पेटी उचलली, आणि मुकाट्याने रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

वारा पडला आहे. आकाश स्वच्छ. मी किती ते साइमीला विचारून लिहीन.